पंचवीस काउंटचा नियम

शनिवार, ठाणे

टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलीने आज प्रोजेक्टच्या तासाला विचारलं, "मॅडम, बिनिंग बदललं की ही रेष जाड-बारीक होते. मग खरी कुठली?" (बिनिंग म्हणजे वर्णपटाचे शेजारचे बारीक कप्पे जोडून एक मोठा कप्पा, बिन, करणं; रेष म्हणजे वर्णपटातला उंचवटा.) तीन वर्षांत इतका नेमका प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. घरी येऊन जेवण उरकलं आणि तिचीच फाईल उघडून बसले.

ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपचा वर्णपट आहे, एका मंद सेफर्ट दीर्घिकेचा, म्हणजे जिचं केंद्र प्रखर तळपतं अशा दीर्घिकेचा. फाईलमध्ये 1024 चॅनेल, म्हणजे ऊर्जेचे बारीक कप्पे, एकेक जेमतेम 10 इलेक्ट्रॉनव्होल्टचं. दुर्बिणीची नजर मात्र 6 केईव्हीपाशी (हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक केईव्ही) साधारण 150 इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी जाड. म्हणजे शेजारची चार-पाच चॅनेल एकत्र केली तरी काही बिघडत नाही. तेवढं बारीक तिला दिसतच नाही.

घोळ आहे तो 'प्रत्येक बिनमध्ये किमान 25 काउंट', म्हणजे मोजलेले फोटॉन, या नियमात. मॉडेल आकड्यांशी किती जुळतं ते मोजायला काय-वर्ग (chi-square) लावायचा तर काउंट पुरेसे हवेत, म्हणून हा नियम. आपण सगळ्यांनी तो सीनियरकडून उचलला आणि पुढे ढकलला. 1 केईव्हीच्या आसपास फोटॉन भरपूर, पंचवीस सहज भरतात. 5 च्या पुढे आरशांची पकड ढिली पडते, फोटॉन थेंबथेंब येतात, आणि पंचवीस जमेपर्यंत बिन पसरत जातो. लोखंडाची 6.4 ची रेष नेमकी तिथेच. तिच्या आलेखात एकच बिन 6.1 पासून 6.9 पर्यंत ऐसपैस पसरलेला! थंड लोखंडाची 6.4 आणि तापून आयनित झालेल्या लोखंडाची 6.7, दोन्ही त्याच्या पोटात. वर्गाची सरासरी 52 सांगितली की 91 वाली आणि 13 वाला दोघेही गायब, तसं.

फाईलमधला ग्रुपिंगचा रकाना उघडला, कुठली चॅनेल एका बिनमध्ये ते सांगणारा. 1 म्हणजे इथून नवा बिन, -1 म्हणजे मागच्यालाच चिकटून. सुरुवातीला 1, -1, -1, 1 असं सुटसुटीत चाललेलं. सहाच्या आसपास मात्र -1 ची रांग लागते ती स्क्रोल करून बोट दुखलं तरी हटत नाही. शेजारचा काउंटचा रकाना जसाच्या तसा, त्याला कुणी हात लावलेला नाही. हे तिला सोमवारी दाखवायचंच. हरवलेलं काही नाही, फक्त आपण बघायचं बंद केलंय.

मध्येच लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता म्हणून बरं.

बिनमागे किमान एक काउंट ठेवून काय-वर्गाऐवजी कॅश स्टॅटिस्टिक या मापाने फिट केलं, म्हणजे मॉडेल वर्णपटाशी जुळवलं. ही पद्धत 1979 पासून आहे, थोड्या काउंटसाठीच काढलेली, आणि तरी प्रोजेक्टमध्ये कुणी वापरत नाही, कारण रिड्यूस्ड काय-वर्ग 1 च्या जवळ आला की सगळे खूश. रेष 6.4 वर नीट उभी राहिली. रुंदी मात्र ठरत नाही. फक्त वरची मर्यादा मिळते. आलेखातला तो जाडजूड उंचवटा बिनचा होता, दीर्घिकेचा नव्हे.

2.2 केईव्हीपाशी आणखी एक खाच आहे, तिला तिने पेन्सिलीने 'दुसरी रेष?' असं लिहिलंय. ती खाच दुर्बिणीच्या आरशांवरच्या सोन्याची, अगं. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले ते आरसे कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडले. ठाण्याहून फास्ट लोकल आणि पुढे नेव्ही नगरची बस, एवढ्यावर. 2015 पासून ते साधारण 650 किलोमीटर उंचीवरून फिरताहेत, आणि आमच्या टीवायच्या पोरीला ते दीर्घिकेतलं काहीतरी वाटतंय. मला जाम आवडलं हे. ते खोडू नकोस, फक्त खाच का दिसते ते लिही, असं म्हणणार आहे.

आलेख बारीक बिनमध्ये काढला तर नुसता काटेरी दिसतो, बाहेरचे परीक्षक नाक मुरडतील. त्यावर उपाय आहे: एक्सस्पेक या वर्णपटाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेटप्लॉट रीबिन' ही आज्ञा द्यायची, म्हणजे आलेखापुरते बिन मोठे होतात, फिटला धक्का लागत नाही. खाली एक ओळ मात्र हवीच: 'बिनिंग केवळ आलेखासाठी.' रुंदीच्या तक्त्यात तिने टाकलेला आकडा काढून तिथे मर्यादा लिहायची. मार्क कमी पडले तर परीक्षकांशी मी बोलेन.