पोटाखालच्या दोन नळ्या

गेले तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा जपानी नौदलाच्या ताब्यात आहे. घरच्यांनी सवयीने तिथे ताट ठेवणं सोडलंय.

टोकियोला असणाऱ्या भाऊजींनी दिवाळीला येताना मला प्लॅस्टिकचं मॉडेल जोडायचं एक किट आणलं होतं. नाकाजिमा कंपनीचं 'गेको', दुसऱ्या महायुद्धातलं रात्री लढणारं विमान, १/४८ प्रमाणातलं. गेको म्हणजे चांदणं. इतकं गोड नाव आणि पाठीतून बंदुकीच्या दोन नळ्या वर आलेल्या, जणू कुणीतरी बसवायला चुकलंय. कागदावर बघितलं तर पोटातूनही दोन नळ्या खाली तोंड करून. इंटरनेटवर लोकांनी बनवलेली गेको बघितली, तर कुणाच्या पोटाखाली नळ्या आहेत, कुणाच्या नाहीत. मग माझं चिकटवायचं काम थांबलं आणि वाचायचं सुरू झालं.

सूचनापत्रिका सगळी जपानीत. व्हिडिओ कॉलवर तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, इथे 'शाजू' लिहिलंय. शाजू म्हणजे तिरकी बंदूक. पण तुम्हाला हे कशाला हवंय? चिकटवा की सरळ." त्यांना कसं सांगणार, की सरळ चिकटवायचं नाही हाच तर मुद्दा आहे.

हे विमान मुळात लांब पल्ल्याचं लढाऊ विमान म्हणून आखलं होतं. ते जमलं नाही, म्हणून १९४२ मध्ये त्याला टेहळणीच्या कामाला लावलं. तिकडे पॅसिफिक महासागरात रबौलला जपान्यांच्या तळावर अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं रात्री येऊन बॉम्ब टाकून जायची आणि जपान्यांना त्यांचं फारसं काही करता येत नव्हतं. २५१ व्या हवाई तुकडीचे कमांडर यासुना कोझोनो यांनी १९४३ च्या सुरुवातीला डोकं लढवलं: टेहळणी विमानाच्या मधल्या भागात २० मिलिमीटरच्या तोफा बसवायच्या, ३० अंश वर तिरक्या. मग विमानाने बॉम्बरच्या मागे जाऊन नेम धरायची गरज नाही. त्याच्या खाली, थोडं मागे राहायचं, वेग जुळवायचा आणि वरच्या वर मारायचं. वरिष्ठांना हे मान्य नव्हतं तरी कोझोनोंनी ते करून घेतलं. २१ मे १९४३ च्या रात्री शिगेतोशी कुदो यांनी अशाच एका बदललेल्या विमानातून दोन बी-१७ पाडली. मग ऑगस्टमध्ये रीतसर 'गेको' हे नाव मिळालं.

आता गंमत बघा. बी-१७ च्या पोटाखाली गोल फिरणारा बुरूज असतो, त्यात बंदूकवाला बसलेला. म्हणजे खालून जाणं सोपं नव्हे. पण रात्री खाली काळा समुद्र, त्यावर काळपट विमान. वरच्याला खालचं दिसत नाही, खालच्याला मात्र आकाशाच्या उजेडात वरच्याची आकृती दिसते. हे मला एकदम पटलं, कारण आमच्या गच्चीवरून संध्याकाळी वटवाघळं दिसतात ती आकाशासमोर असेपर्यंतच. समोरच्या झाडापुढे आली की गेली.

पोटाखालच्या नळ्यांचं उत्तरही इथेच सापडलं. वरून खाली मारायचं तर लक्ष्य काळ्या जमिनीत मिसळणार, आणि वैमानिकाला स्वतःच्या पंखांमुळे खालचं दिसणार तरी काय? त्या दोन तोफा फारशा उपयोगाच्या ठरल्या नाहीत आणि नंतरच्या गेकोंमधून काढून टाकल्या. म्हणजे इंटरनेटवरची दोन्ही मॉडेलं बरोबर असू शकतात, सालावर अवलंबून. मी रबौलचं १९४३ चं विमान करतेय, म्हणून चारही नळ्या. ठरलं.

ठरलं खरं, पण त्याआधी मी एक घोळ घालून बसले होते. जर्मनांनीही त्याच सुमारास हेच केलं होतं. त्यांच्या सैनिकांनी त्याला नाव दिलं 'तिरकस संगीत', त्यांच्याकडे जॅझला गमतीने तसं म्हणायचे. इंग्रजांच्या लँकॅस्टर या बॉम्बफेकी विमानांना पोटाखाली बहुधा बंदूकच नसायची, त्यामुळे कित्येकांना आपल्याला कुणी मारलं हे कळलंच नाही. शिवाय जर्मन या तोफांत उजेड सोडणाऱ्या गोळ्या भरत नसत. पण त्यांच्या नळ्या ६५ ते ७० अंशांत, जवळजवळ उभ्या. एका रात्री जर्मन विमानाचा फोटो डोक्यात ठेवून मी गेकोच्या वरच्या नळ्या तशाच उभ्या चिकटवल्या, तेही सुपरग्लूने. सकाळी लेकाच्या कंपासपेटीतला कोनमापक लावला आणि चहा तसाच थंड झाला. काढताना एक नळी मुळाशी मोडली, पाठीवर भोक पडलं. ते पुट्टीने भरलंय. अजून बोट फिरवलं की कळतं.

मोडलेली नळी मात्र पथ्यावर पडली. किटमधल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांना भोकच नसतं, नुसतं टोक. मी मिरजेला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून शिरा शोधायच्या हे माझं काम. सुयांचे नंबर झोपेतही सांगेन. नळीच्या जागी सुईच लावली तर? तोफेचं तोंड २० मिलिमीटर, भागिले ४८ म्हणजे ०.४१६. काळ्या टोपीची २२ नंबरची सुई आतून ०.४१. हा हिशेब बसला तेव्हा मी एकटीच जोरात हसले. कोरी सुई मेडिकलमधून विकत आणली, लॅबची नव्हे, हे नमूद करते.

सुई पकडीने तोडली की तोंड चपटं होतं. म्हणून बारीक कानशीने गोल फिरवत खाच पाडायची आणि हलकेच वाकवायची, टक्कन तुटते. मग टाचणी आत फिरवून काठ साफ. भिंगातून बघितलं तर आत काळं, गोल, स्वच्छ भोक.

वाचता वाचता कळलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गेकोवरची टाइप ९९ तोफ (९९ म्हणजे जपानी सन २५९९, आपलं १९३९) स्विस ओर्लिकोनची नक्कल. आणि जर्मनांनी आपल्या मेसरश्मिट विमानाच्या पाठीत बसवलेली एमजी एफएफ तोफ? तीही ओर्लिकोनचीच लेक. दोन देशांनी दोन टोकांना एकच तिरकी युक्ती केली आणि दोघांच्या तोफांचं माहेर स्वित्झर्लंड, ज्याने युद्धात भागच घेतला नाही.

काल रात्री पोटाखालच्या दोन्ही सुया बसवल्या. ३० अंश, पुढे तोंड. लेकाने विचारलं, "आई, हे तर टेबलावर ठेवल्यावर दिसणारच नाही." नाही दिसणार. भाऊजींना फोटो हवा होता म्हणून विमान ट्यूबलाइटसमोर उचलून धरलं आणि लेकाने खालून मोबाइलवर काढला. एक नळी किंचित बाहेरच्या अंगाला गेलीय, फोटोत दिसतंय. भाऊजींनी अंगठा पाठवला, त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

आता कॉकपिटच्या काचेचं मास्किंग, म्हणजे रंग लागू नये म्हणून ती झाकणं, उरलंय. ते रविवारी.