माझी सुरी अन् बाभळीची गाठ

गौताळ्याच्या डोंगरात भटकायला गेलो की दरवेळी सुरीवरून चिडचिड व्हायची, विकतच्या एकतर शोभेच्या नाहीतर मूठ अशी की घाम आला की हातातून सटकतेय, म्हणून म्हटलं आपणच डिझाइन करू. आधी पुठ्ठा, मग प्लायवूडचं मॉडेल, ते आठवडाभर हातात धरून शेतात फिरलो, आई म्हणाली येडा झाला का रे. पण त्यातच कळलं की मूठ मधे फुगीर पाहिजे अन् करंगळीपाशी खाच.

पातं ११ सेंमी, जाडी ४ मिमी, ट्रकच्या पाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) लोखंड. लोहारमामांनी भात्यावर लाल केलं, लोहचुंबक चिकटायचं बंद झाल्यावर अजून जरासं तापवलं अन् तेलात बुडवलं. मी म्हटलं झालं की मामा. "थांब की, नुसतं पाणी दिलेलं, म्हंजी तापवून बुडवलेलं पातं काचेवानी ठिसूळ असतंय." ऐकतंय कोण! वाळल्या बाभळीच्या गाठीवर दुसऱ्याच ठोक्याला धारेतून ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला.

दुसरं पातं मग पाणी दिल्यावर, ठिसूळपणा जावा म्हणून, ताईच्या ओव्हनमधे २०० डिग्रीला दोन तास, गार करून परत दोन तास ठेवलं (केकला अजून तेलाचा वास येतो म्हणते). तेच लाकूड, तीच गाठ, यावेळी धार थोडी वळली पण तुटली नाही, दगडावर घासून परत सरळ झाली. लई भारी वाटलं. मूठ मात्र ठोकून ठोकून रिवेटपाशी हलायला लागली, त्यामुळं अशा २० सुऱ्या करायचं काम थांबवलंय, तिसरं सॅम्पल मामांकडं आहे.