राग लपवायचा कशाला?

आमच्याकडे राहणाऱ्या भाच्याचं बिनसलं की तो हाताला येईल ते फेकतो, चावतो, आणि जरा वेळाने जवळ येऊन म्हणतो, "मावशी, भूक लागली." जसं काही झालंच नाही. आज चादर बदलताना उशीच्या अभ्र्यातून बिस्किटांचा भुगा सांडला. आई वैतागली, "इथे काय उपाशी ठेवतो का आपण त्याला?" नाही. पण पुढचं जेवण मिळेल की नाही याचा ज्याला कधीकाळी भरवसा नव्हता, ते पोर असं साठवतंच. अभ्रा झटकला आणि एक पुडा त्याच्याच खणात ठेवून दिला.

आई म्हणते धाक हवा, हे म्हणतात प्रेमाने घ्या. आजीने नाही म्हटलं की पोरगं काकांकडे, तिथून होकार घेऊन परत आजीसमोर. मग ती दोघंच भांडतात.

दुपारी विनिकॉटबद्दल वाचत होते. हा इंग्लंडमधला बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सारख्या पळून जाणाऱ्या ९ वर्षांच्या एका मुलाला त्याने ३ महिने स्वतःच्या घरी ठेवलं होतं. मुलगा जितका लाघवी तितकाच डोकं फिरवणारा, असं तो १९४७ साली सांगतो, आणि ते दिवस नरकासारखे गेले हेही. मुलाचा तोल गेला की तो त्याला दाराबाहेर ठेवायचा, मग रात्र असो की पाऊस. बाहेर एक बेल होती. ती वाजवली की आत घ्यायचं आणि झाल्या गोष्टीचा चकार शब्द काढायचा नाही. पण बाहेर काढताना तोंडावर सांगायचं की तुझ्या या वागण्याने मला तुझा तिरस्कार वाटला. तो घराबाहेर असला की मुलगा सर्वांत जास्त धुमाकूळ घालायचा म्हणे. म्हणजे ते बायकोने निस्तरलं. तिची बाजू वाचायला मला जास्त आवडलं असतं!

दाराबाहेर मी काही काढणार नाही. आधीच एका घरातून सुटलेलं पोर आहे. तिरस्कार हा शब्दही माझ्याने उच्चारवणार नाही. पण "मला तुझा राग आलाय" हे सरळ सांगता येतं. दातओठ खात "काही नाही रे राजा" म्हटलं, की तो आमच्या तोंडाकडे टक लावून बघतो आणि आणखी चेकाळतो. आणि शांत झाल्यावर जुनं उगाळायचं नाही, हे तर लगेच करता येईल.

समुपदेशकांनी आम्हा तिघांनाही बोलावलंय. आई म्हणते, "मला कशाला?" तिला तयार करायचं काम ह्यांच्यावर सोपवलंय.