सहाचे पाच

दाजी माजलगावहून आले ते हुरड्याची पिशवी घेऊनच. वाळूजच्या आमच्या शेडला त्या दिवशी सुट्टी होती. लेथ बंद, मी एकटा बिलं लिहीत बसलेलो. गूळभेंडीचा हुरडा, वर शेंगदाण्याची चटणी. अर्धी पिशवी संपेपर्यंत इकडचं तिकडचं झालं, मग त्यांनी मोबाईल पुढे केला. अमेरिकेतला एक गडी जाडजूड सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर झाडत होता. दर वेळी अंगठ्यानं घोडा ओढायचा, बार झाला की हात कपाळापर्यंत वर.

"मेव्हणे, आपलं असं करता येतंय का बगा. भोक तेवढं मोठं करायचं. मशीन हायेच की तुमच्याकडं."

आपलं म्हणजे त्यांचं लायसनचं, कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर (आकडा म्हणजे गोळीची जाडी, साधारण इंचात). कारण काय, तर उसात रानडुकरं घुसतात. (खरं कारण लग्नकार्यात चारचौघांना दाखवणं असावं, पण दाजींना कोण बोलणार.) ते बॅगेत हात घालायला लागले तसा मी म्हणालो, "ते बाहेर काढूच नका."

नुसतं नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या शेडात गेले असते. म्हणून एक एमएसची प्लेट ओढली, खडू आणि डिव्हायडर घेतला आणि रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचा, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या गोळ्याचा, सहा भोकांचा पीसीडी (सगळ्या भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात ते) काढून दाखवला. सहा भोकं असली की शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर बरोबर पीसीडीच्या त्रिज्येइतकं येतं. त्याच पीसीडीवर पाचच पाडा, तेच अंतर त्रिज्येच्या १.१७५ पट होतं. भोक वाढवलं की ते अंतर खाऊन टाकतं, आणि दोन भोकांमधली भिंत सोडली तर तिथं दुसरं काही धरून ठेवणारं नसतं.

अजून एक गंमत आहे, ती मला फार आवडते. सिलिंडर जागेवर अडकावा म्हणून बाहेरून खाचा असतात. १८७३ च्या कोल्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये, सहा भोकं, त्यामुळे प्रत्येक खाच भोकाच्या डोक्यावरच येते, म्हणजे मुळातच पातळ असलेल्या भिंतीत. पाच भोकं केली की खाच दोन भोकांच्या मधल्या भरीव धातूवर नेता येते. टर्नरला हे एकदा दिसलं की विसरत नाही.

एल्मर कीथ या अमेरिकन नेमबाजानं १९२५ साली अशाच .४५ कोल्टमध्ये दाबून भरलेलं काडतूस उडवलं आणि सिलिंडरचा वरचा भाग, फ्रेमची वरची पट्टी, सगळं उडालं. मग ते .४४ कडे वळले. तेवढ्याच सिलिंडरमध्ये भोक लहान, म्हणून भिंत जाड. त्यातूनच पुढे १९५५ ला .४४ मॅग्नम हे जोरदार काडतूस आलं. डिक कसूल या बंदूक कारागिरानं पाच भोकांचा रस्ता धरला, जॉन लाइनबॉ या दुसऱ्या कारागिरानंही तोच. लाइनबॉ यांनी ४५-७० रायफलची पुंगळी कापून .४७५ चं काडतूस बनवलं. पण यातल्या कुणी नुसतं भोक मोठं केलं नाही. सिलिंडर नवं, नळी नवी, पोलाद निवडून त्याला हीट ट्रीटमेंट. सिंगल ॲक्शन त्यांना सोयीचं, कारण सिलिंडर बाजूला उघडत नाही, फ्रेम चारी बाजूंनी बंद.

"प्रेशर किती येतंय?" दाजींनी विचारलं.

आमच्या हायड्रॉलिक प्रेसला २१० बार, म्हणजे साधारण ३,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). जुन्या .४५ कोल्टची मर्यादा १४,०००. कसूल यांच्या .४५४ काडतुसाची ६५,०००. दाजी प्रेसकडे बघत राहिले. मागच्या वर्षी त्याच प्रेसचा होज फुटला होता तेव्हा ते इथंच होते, ऑइल पत्र्यापर्यंत गेलं होतं.

कायद्याचं शेवटी सांगितलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय हत्यार बदलून द्यायलाही बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं कैद. त्यांचं लायसन हत्यार बाळगायचं, बनवायचं नाही. माझ्याकडं तर जॉबवर्कचा जीएसटी नंबर तेवढा आहे.

"मंग डुकराचं काय?"

"कुंपणाला झटका मशीन लावू. अँगलचे खांब मी वेल्ड करून देतो, मजुरी नको."

बांध मोजून फोन करतो म्हणाले. उरलेला हुरडा मात्र परत पिशवीत भरून नेला.

प्लेट पुसायची राहिली. दुसऱ्या दिवशी हेल्परनं विचारलं, "शेट, ही पाच होलची फ्लँज कुणाची? ड्रॉइंग कुठंय?"