चाळीस घोडे आणि एक ओलं फडकं

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तेवढ्यात भाच्याचा मेसेज, आणि खाली ही लांबलचक लिस्ट. त्याने ८६ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, घेतलीय, पांढरी, इंदिरानगरला बिल्डिंगखाली कव्हर घालून ठेवतो, आणि आता त्याला तिचं इंजिन वाढवायचंय. जास्त नाही मामा, माइल्ड, असं वर लिहिलेलं. खाली काय, तर डबल बॅरल कार्ब्युरेटर, कॅम ग्राइंड (व्हॉल्व उघडणारा दांडा घासून घेणं), हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं काम, फ्री फ्लो सायलेन्सर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि सगळ्यात शेवटी 'जमलं तर' प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं अख्खं इंजिन. माइल्ड म्हणे! एकादशीला थोडीशीच मिसळ खाण्यासारखं झालं हे.

मी काही मेकॅनिक नाही, पण फियाटच्या घरात वाढलेल्या माणसाला या विषयात मत नसणं शक्य नाही.

मुळात ते इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, आणि ते चाळीससुद्धा कुर्ल्याच्या कारखान्यातले, म्हणजे समुद्रकाठचे. नाशिक सहाशे मीटर वर, इथे हवा विरळ, त्यामुळे दोन-अडीच घोडे कसाऱ्याच्या घाटातच उतरून जात असणार. मग जे उरले त्यांच्यावर आमच्या अण्णांनी पाच माणसं, टपावर होल्डॉल आणि डिकीत आजीचं लोणच्याचं बरणीपुराण लादून वर्षानुवर्षं दादर-नाशिक केलं आणि गाडीला ताकद कमी आहे असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ती दमते, एवढंच म्हणायचे.

दमायची ती घाटातच. मे महिन्यात परत येताना कसारा सोडलं की अण्णांचा एक कान आमच्या भांडणाकडे आणि एक इंजिनाकडे. फियाटचा टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बोल्ट केलेला, चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देत उभी राहते. म्हणून घाटनदेवीला थांबायचंच, गाडी नीट चालत असली तरी थांबायचं. आई आम्हाला घेऊन देवीला जायची, अण्णा बॉनेट उघडून पंपावर फडकं गुंडाळायचे, आईच्या जुन्या पातळाचं, निळ्या काठाचा तुकडा अजून डोळ्यासमोर आहे, आणि त्यावर फिरकीच्या तांब्यातलं पाणी अगदी बारीक धार धरून सोडायचे. चर्र आवाज यायचा, पेट्रोल आणि ओल्या सुती कापडाचा एकत्र वास यायचा, आणि मग ते तिथेच दगडावर बसून सुपारी कातरायचे. घाई नाही. नमस्कार नेमका देवीला की पंपाला हे मला तेव्हाही कळत नसे. थोड्या वेळाने सेल्फ मारला की गाडी चालू, आणि अण्णा आमच्याकडे असं बघायचे की जणू इंजिन त्यांनीच बनवलंय.

आता याच्यावर इलाज सोपा आहे, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा, तो पेट्रोल मागून ढकलतो, वाफेचा प्रश्नच बऱ्यापैकी मिटतो. भाच्याच्या लिस्टमध्ये नेमकं हेच नाही! कारण पंपाचा व्हिडिओ काढून कुठे अपलोड करता येत नाही ना.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला मात्र माझी ना नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली लपतं, बाहेरून ब्रह्मदेवाला कळत नाही, आणि ते सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे ते दोन ठिपके, घासत बसण्याचं झेंगट जातं. अण्णांच्या शर्टाच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा, आई कपडे धुताना वैतागायची. गॅप लावायला फिलर गेज असायचं, ते सापडलं नाही की कुणाचंतरी व्हिजिटिंग कार्ड चालायचं.

हेड थोडं घासून सपाट करून कॉम्प्रेशन वाढवणं हेही मला पटतं, कारण ते मुळात त्या काळच्या पेट्रोलला झेपावं म्हणून कमी ठेवलेलं, आणि आता पेट्रोल पंपावरचं साधं पेट्रोलसुद्धा ९१ ऑक्टेनच्या खाली नसतं. थोडं, बरं का. आमच्याकडे थोडं या शब्दावर कुणाचाच विश्वास नाही. आणि हेड उघडलंच तर व्हॉल्व सीट कडक धातूच्या टाकून घे म्हटलं, शिशाचं पेट्रोल २००० सालीच देशभर बंद झालं, जुन्या सीट त्या शिशाच्या जिवावर टिकायच्या. त्याच्या आधी सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम बदल, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. निफाडकडचा ऊस रसवंतीत गोड लागतो, फियाटच्या पाइपाला नाही. शिवाय इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, तेव्हा मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा घालून बघायचा. हे झालं माझ्या मते माइल्ड. कॅम घासून इंजिन वरच्या आरपीएमला पळवायचं कशासाठी? रिंग-पिस्टन गेले तर आणायचे कुठून? मुंबईतली शेवटची फियाट टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली.

सायलेन्सरबद्दल मी बोलणारच नाही. चाळीस घोड्यांच्या गाडीने गंगापूर रोडवरून चारशे घोड्यांचा आवाज करत जाणं हा मला व्यक्तिशः अपमान वाटतो, कुणाचा ते माहीत नाही.

सारडा सर्कलच्या मागे एक चाचा अजून फियाटची कामं करतात, भाच्याला तिथे घेऊन गेलो. चाचांनी लिस्ट चष्मा वर करून वाचली, परत वाचली, मग म्हणाले, "पॉवर बढाएगा ठीक है, गर्मी किधर जाएगी?" आणि रेडिएटरवर टिचकी मारली. भाचा म्हणाला इलेक्ट्रिक फॅन लावू. चाचा म्हणाले, लाव, मग डायनामो काढून ऑल्टरनेटर लाव, मग वायरिंग बदल. ११८ एनईच्या इंजिनाचं नाव काढलं तर हसले फक्त. निसानचं इंजिन आहे ते, ११७१ सीसी, उत्तमच, बऱ्याच लोकांनी बसवलंयसुद्धा, पण इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद, म्हणजे पेठ रोडच्या आरटीओच्या चकरा, आणि एवढं करून बॉनेटखाली आपली गाडी उरतेच कुठे? असं मला वाटतं. भाच्याला वाटत नाही. तो चौतीसचा आहे, मी काय सांगणार.

निघताना चाचांनी चाक हाताने फिरवलं आणि ड्रमवर बोट ठेवलं. काही बोलले नाहीत. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, उतारावर तापले की पेडल दाबत राहायचं आणि गाडी ऐकत नाही. अण्णा ज्या गिअरला घाट चढायचे त्याच गिअरला उतरायचे, ब्रेकला शक्यतो पाय लावायचे नाहीत, आणि तेव्हा रस्त्यावर ट्रक किती होते, आता किती आहेत. भाचा मागच्या सीटवर स्वतःच्या पोरीला बसवून कल्याणला सासुरवाडीला जातो. मागे बेल्ट नाही.

कार्ब्युरेटरचं पार्सल आलं तर येऊ दे. ब्रेकचे शू, सिलिंडर, पाइप सगळं नवीन झाल्याशिवाय ते फोडायचं नाही असं मी ताईला सांगून ठेवलंय. माझं तो ऐकत नाही, पण ताईपुढे त्याचं काही चालत नाही.