यंत्र खाकरत नाही

“तुम्हाला दिसत नाही, मग ही गे पुस्तकं तुम्ही मिळवता कुठून आणि वाचता कशी?” हा प्रश्न मला दोन तऱ्हेची माणसं विचारतात. एक, ज्यांना नुसतंच कुतूहल असतं. दुसरी आवाज खाली आणून विचारतात. ती स्वतःही अंध असतात आणि ‘एका मित्रासाठी’ विचारत असतात. तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर, मुख्यतः त्या मित्रासाठी.

माझ्या विशीत पुस्तकं कॅसेटवर यायची. कुणीतरी वाचून, रेकॉर्ड करून द्यायचं. मी एक कादंबरी मागितली होती. नाव अगदी निरुपद्रवी होतं, म्हणूनच मागायचं धाडस झालं. दोन मित्रांची गोष्ट. वाचणाऱ्या बाईंचा आवाज गोड, उच्चार स्वच्छ. सातव्या प्रकरणात जोराचा पाऊस, दोघं भिजून खोलीवर येतात, दार लागतं. इथे बाई खाकरल्या. बटण खट्कन वाजलं. पुढच्या वाक्यात कडक उन्हाळा होता. मी कॅसेट मागे नेऊन तीनदा ऐकली. दार, खाकरणं, खट्, उन्हाळा.

डोळस माणूस एका पुस्तकात दुसरं पुस्तक दडवून वाचू शकतो. आमच्या वाचनात मध्ये माणूस असायचाच. यादीतून नाव शोधायला एक, वाचायला एक, आलेलं पाकीट फोडून ‘हे कुठलं बुवा?’ म्हणायला एक. पुस्तक हातात पडायच्या आधीच आपण कोण ते तिघांना कळून चुकायचं. बरेच जण मागतच नसत. मीही त्या कादंबरीनंतर कितीतरी वर्षं काही मागितलं नाही.

अंधांनी काय वाचावं हे दुसऱ्यांनी ठरवण्याचा सगळ्यात गमतीदार नमुना अमेरिकेतला आहे. तिथली लायब्ररी ऑफ काँग्रेस १९७० पासून ‘प्लेबॉय’ हे नग्न चित्रांसाठी गाजलेलं मासिक ब्रेलमध्ये काढत असे. चित्रं अर्थातच नाहीत, नुसता मजकूर! १९८५मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ग्रंथालयाच्या निधीतून १,०३,००० डॉलर कापले. त्या ब्रेल आवृत्तीला येणारा खर्च नेमका तेवढाच होता. अंधांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि १९८६मध्ये निकाल लागला की, मजकूर पसंत नाही म्हणून असे पैसे कापणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. मासिकाशी मला काही कर्तव्य नाही (माझ्या कामाचं त्यात फारसं नसावं), पण निकाल माझ्या कामाचा आहे.

आता कुठे शोधायचं ते. पहिलं ठिकाण बुकशेअर. २००२पासून चालू असलेलं हे डिजिटल ग्रंथालय, दहा लाखांच्या वर पुस्तकं. छापील मजकूर वाचता येत नाही याचा दाखला एकदा द्यायचा, मग डेझी (अंधांसाठीची बोलकी पुस्तकं), ईपब (ई-पुस्तकाची नेहमीची फाइल), ब्रेल, ज्या रूपात हवं त्यात उतरवून घ्यायचं. पुस्तक कशाबद्दल आहे, हे कुणी विचारत नाही. या देवघेवीला मोठा आधार मराकेश कराराचा, म्हणजे अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून कॉपीराइटमध्ये सूट देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा. २०१३मध्ये तो मंजूर झाला, ३० सप्टेंबर २०१६ला लागू झाला. करारातल्या देशांत प्रकाशकाची वेगळी परवानगी न काढता पुस्तक सुलभ रूपात आणता येतं आणि एका देशातली अशी प्रत दुसऱ्या देशातल्या वाचकाला देता येते.

शोधताना एक अडचण येते. आपल्या पुस्तकांची ओळख बहुतेक वेळा तोंडात मिठाची गुळणी धरून लिहिलेली असते: ‘एका अनोख्या मैत्रीची कहाणी’, ‘एक गुपित’. अशा वेळी मी उलट्या बाजूने शिरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अंध-ग्रंथालयाच्या यादीत पुस्तकाच्या वर्णनाखाली इशारा असतो: लैंगिक वर्णनं आहेत, शिवराळ भाषा आहे, हिंसा आहे. कुणी जपून राहावं म्हणून लिहिलेली ती ओळ मला वाट दाखवणारी पाटी वाटते. तिथलं पुस्तक मिळो न मिळो, नाव तर कळतं. मग ते दुसरीकडे शोधायचं. आणि हो, काही ग्रंथालयांत ‘प्रौढ मजकूर दाखवा’ असा पर्याय खात्याच्या सेटिंगमध्ये कुठेतरी खोल असतो आणि मुळात बंद असतो. पुस्तकच नाही म्हणून हळहळण्याआधी तो तपासा.

फुकटात हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे, आणि स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं देणारं लिब्रिवॉक्स. पण तिथे मुख्यतः हक्क संपलेलीच पुस्तकं येतात, आणि त्या काळात आपल्या गोष्टी एकतर आडून सांगितल्या गेल्या किंवा पेटीत राहिल्या. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने दोन पुरुषांच्या प्रेमाची ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१४च्या सुमारास लिहिली आणि ती छापली गेली १९७१मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्यामुळे लिहून शंभर वर्षं उलटली तरी बऱ्याच देशांत ती अजून हक्कांच्या कुलपात आहे. फुकटच्या कपाटात आपल्याला मिळतात ते जास्त करून सुस्कारे.

विकतच्या ई-पुस्तकांचं बरं चाललंय. २००९मध्ये अॅमेझॉनचं ई-पुस्तक वाचायचं यंत्र, किंडल, मोठ्याने वाचायला लागलं, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि अॅमेझॉनने आवाज बंद करण्याची मुभा प्रकाशकांना दिली. आज युरोपीय संघात नियम उलटा फिरलाय: २८ जून २०२५पासून तिथे ई-पुस्तकं सुलभ असणं कायद्याने बंधनकारक आहे.

खरी गोची छोट्या प्रकाशनांची. आपलं साहित्य बरंचसं त्यांच्याकडेच असतं, आणि ते एकतर फक्त छापील किंवा पानांचे फोटो डकवलेली पीडीएफ. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, तिथे ‘चित्र, चित्र, चित्र’ म्हणत बसतो. कॉमिक्सचं तर विचारूच नका. नव्या पिढीच्या कितीतरी सुंदर गे गोष्टी चित्रांतूनच येताहेत आणि बाहेरून कुणी वर्णन केल्याशिवाय आमच्यासाठी त्या कोऱ्या पाट्या. यावर मला लागू पडलेला उपाय साधा आहे. लेखकाला थेट लिहायचं: मी अंध आहे, पुस्तक विकत घेतो, वर्डची फाइल द्याल का? बहुतेक जण देतात. एकाने तर शुद्धलेखन तपासायच्या आधीची प्रत पाठवली होती. त्यात नायकाचं नाव वेगळंच होतं.

नाहीच मिळालं तर स्वतः स्कॅन करायचं, आणि देवनागरीत त्याची मजा औरच. ओसीआरची (स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची) एक मात्रा हुकली की ‘तो’चा ‘ती’ होतो. एका कथेत दोन पुरुष रात्रभर बोलत बसलेत आणि माझं यंत्र वाचतंय, ‘ती म्हणाला, जाऊ नकोस.’ पुढच्या ओळीत पुन्हा तो. त्याच्या पुढच्या ओळीत ‘ती हसला’. क्रियापदं होती म्हणून निभावलं, नाहीतर अख्ख्या गोष्टीचं लग्नच लागलं असतं.

एक काळजी घ्या. घरातल्या सगळ्यांचं खातं एकच असेल तर अलीकडे ऐकलेल्या पुस्तकांची यादीही सगळ्यांची असते, आणि ब्लूटूथला घरातला मोठा स्पीकर इअरफोनपेक्षा लवकर सापडतो. हे अनुभवाने सांगतोय, तपशील विचारू नका. आयफोनवर व्हॉइसओव्हर (त्यातला स्क्रीन रीडर) चालू असताना तीन बोटांनी तीनदा टकटक केली की स्क्रीनवर काळा पडदा पडतो. शेजारच्याला मी विझलेला फोन घेऊन बसलेला दिसतो.

माणसाच्या आवाजातली ऑडिओबुकं चांगली असतात, पण प्रेमाच्या गोष्टी मी अजून यंत्राकडूनच ऐकतो. ते कॉपीराइटचं पान आणि पहिलं चुंबन एकाच सुरात वाचतं. लाडात येत नाही, लाजत नाही.

ती कॅसेटवाली कादंबरी मला मागे ईपबमध्ये मिळाली. मी थेट सातव्या प्रकरणावर गेलो. पाऊस, खोली, दार. मधली पानं चार भरली. एकाला थंडी भरून आलेली असते. दुसरा खाली बसून त्याचे ओले मोजे काढतो, पंच्याने पाय पुसतो, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, सावकाश. दोघं बोलत नाहीत. दुसरा मोजा अर्धा उतरला असताना यंत्राने ‘पान एकशे बारा’ असं सांगितलं आणि पुढे वाचत राहिलं.