पाऊस येताच रिकामा होणारा ओढा

पावसाच्या पाण्याचा निचरा हे माझ्या कामाचे क्षेत्र असल्याने सेऊलच्या अभ्यासदौऱ्यातील एक संपूर्ण दिवस मी चंग्येचॉन या ओढ्यासाठी राखून ठेवला होता. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने काँक्रीटखाली गाडला गेलेला आणि पुढे ज्याच्या डोक्यावर उन्नत महामार्गही उभा राहिला, तो हा ओढा २००३ ते २००५ या काळात तो महामार्ग पाडून सुमारे ५.८ किलोमीटर लांबीपर्यंत पुन्हा उघडा करण्यात आला.

या पात्रातले पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणले जाते, रोज सुमारे १ लाख २० हजार टन. त्यामुळे काही टीकाकार त्याला कृत्रिम ओढा म्हणतात. हा आक्षेप खरा आहे. पण मूळचा ओढाही पावसाळा सरला की जवळजवळ कोरडाच पडत असे, आणि माझ्या दृष्टीने अशा पात्राची परीक्षा कोरड्या दिवशी होतच नाही.

ती परीक्षा पाहण्याचा योग त्याच दुपारी आला. मी ग्वांगथोंग पुलाखाली उभा होतो. १४१० मध्ये इथला मातीचा पूल पुरात वाहून गेल्यावर राजा थेजोंगने राणी सिंदोक हिच्या समाधीचे दगड वापरून हा पूल बांधवला, आणि ते कोरीव दगड आजही तिथे दिसतात. आभाळ भरून आले, पहिली सर कोसळली आणि लगेच ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू झाल्या. रखवालदारांनी काठावरच्या लोकांना पायऱ्यांवरून वर पाठवले आणि प्रवेशमार्ग बंद केले. पाणी अजून घोट्याएवढेही वाढलेले नव्हते, तरी कोणी हुज्जत घातली नाही.

त्या घाईचे कारण काठाच्या भिंतींत आहे. दोन्ही बाजूंच्या रस्त्यांखाली सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्या आहेत, आणि या भागात सांडपाणी व पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. पाऊस वाढून वाहिन्या भरल्या, की भिंतीतली झडपदारे उघडतात आणि ते मिश्रण थेट ओढ्यात उतरते, त्यामुळे पात्रातली पातळी पाहता पाहता चढते. कठड्याशी उभा राहून मी एकामागून एक उघडणारी दारे आणि त्यांतून येणारा गढूळ लोंढा पाहत राहिलो. दोनशे वर्षांतून एकदा येणारा पूर पोटात घेण्याइतके हे पात्र मोठे ठेवले आहे, आणि या प्रकल्पातले हेच काम मला सर्वांत मोलाचे वाटते. सुशोभनाची छायाचित्रे जगभर पोहोचली, ही दारे मात्र क्वचितच कोणी दाखवतो.

तरीही या लोंढ्याचा पहिला भार माशांवर पडतो, कारण रस्त्यांवरची घाण आणि सांडपाणी त्यांच्यापर्यंत एकदमच येते. म्हणून माझ्या अहवालात मी पहिली शिफारस हीच लिहिली, की असा ओढा उघडा करायचा असेल, तर सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगळे करण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, कारण काठ एकदा बांधून झाल्यावर त्यामागची वाहिनी पुन्हा खोदणे फार कठीण होऊन बसते.